आणखी अर्धा सूर

वसुमतीनं ट्यूनिंग फोर्क, एकच ठरलेला सूर देणारा तो पोलादी चिमटा, रबरी चपलेच्या टाचेवर आपटला आणि त्याचा दांडा चर्चच्या लाकडी बाकाला टेकवला. बाक गुणगुणू लागला.

“ऐक,” ती लावण्याला म्हणाली. “हा सा. कॉलेजच्या लॅबमध्ये जन्मभर हाच ऐकला. आता मी गाते. केसभर फरक सापडला तर सांग.”

लावण्या म्हणजे तिच्या भावाची मुलगी. चर्चचा कीबोर्ड तीच वाजवायची. “आत्ते, आधी कॉफी पिऊन येऊ का?”

“सूर दे.”

लावण्यानं पट्टी दाबली. त्या सुरात वसुमतीनं सा लावला, फोर्क पुन्हा वाजवला आणि थांबली. फोर्क वर होता, ती खाली. चांगलीच खाली.

उत्तर चुकलं तर आधी उपकरण तपासायचं, हे ती पोरांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. तिनं फोर्क उजेडात धरला. गंज चढला तर सूर थोडा ढळतो, पण गंज नव्हता, आणि एवढा तर ढळतच नाही. मग ती कीबोर्डवर वाकली. छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात उणे तीन असा आकडा होता.

“हे काय?”

“तीन वेळा अर्धा-अर्धा सूर उतरवलाय,” लावण्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली. “एकदम नाही. हळूहळू.”

“कुणासाठी?”

लावण्या कीबोर्डची वायर सरळ करू लागली.

“मी विचारते, कुणासाठी?”

“दोन वर्षांमागं ईस्टरला वरच्या सुरावर तुमचा गळा फाटला, आठवतं का? तुम्ही म्हणालात, माईक खराब आहे. पास्टर अय्यांनी नवा माईक आणवला. मग मी काय करू, नवा माईकपण खराब होऊ देऊ?”

या तमिळ मुलखात, मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वसुमतीच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरातला देवांचा कोनाडा रिकामा झाला. मराठी मात्र राहिली. तसाच आपला सूरही राहिला आहे, अशी वसुमतीची समजूत होती. चर्चमध्ये पहिली ओळ ती गायची, मग मंडळी उचलायची. अलीकडे तर एक नवलच घडलं होतं. मागच्या बाकांवर तोंड मिटून बसणारे पुरुषही गाऊ लागले होते. पास्टर अय्या म्हणाले, “अक्का, ही तुमच्या आवाजाची कृपा.” तिनं “देवाची कृपा” असं उत्तर दिलं होतं, आणि घरी जाताना मनात पास्टरांचंच वाक्य नेलं होतं.

तिनं फोर्क पिशवीत टाकला. “गुड फ्रायडेला मी गाणार नाही. या रविवारीच उभी राहून सांगते. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर कशाला?” लावण्यानं विचारलं. “मला सांगितलंत, पुरे की.”

संध्याकाळी दूध तापत ठेवून ती रविवारचं बोलणं मनात जुळवू लागली. “आता तरुणांना वाट द्यायची वेळ आली आहे.” चांगलं होतं. “आता या म्हातारीनं” असं केलं तर आणखी चांगलं. इथं जरा थांबावं; इथं बायका पदर डोळ्यांना लावतील. दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता तिला स्वतःचंच हसू आलं आणि लगेच विरलं. पायउतार होतानाही आपण टाळ्या मोजतो आहोत.

फडकं पिळताना दुसरा प्रश्न आला, आणि तो जास्त चिवट निघाला. आवाज उतरत होता, तर मंडळींचा आवाज चढत कसा गेला?

सकाळी ती नागलक्ष्मीकडे गेली. एकेकाळी दोघी एकाच माईकवर गायच्या. नागलक्ष्मीचा गळा बसू लागला तेव्हा तिनं पट्टी उतरवायला विनवलं होतं. वसुमतीनं सरावात सगळ्यांदेखत सुनावलं, “देवाचं गाणं आपल्या गळ्यासाठी खाली ओढायचं नसतं.” तेव्हापासून नागलक्ष्मी शेवटच्या बाकावर बसायची.

नागलक्ष्मी शिवणयंत्रावर होती. “अरे वा, महाराणी आल्या,” ती तमिळमध्ये म्हणाली. “ब्लाउज उसवला वाटतं.”

“एक विचारायचं होतं. तू चर्चमध्ये पुन्हा गायला कधी लागलीस?”

नागलक्ष्मीनं पाय थांबवला. “मागच्याच्या मागच्या नाताळात. एकाएकी वरची ओळ जमली. मला वाटलं, देवानं गळा परत दिला. घरी येऊन गोडाचं पायसम केलं.”

“गळा नाही. लावण्यानं पट्टी उतरवली होती. माझ्यासाठी. मला ठाऊक नव्हतं.”

नागलक्ष्मीनं हातातलं कापड खाली ठेवलं. मग खांदे हलवून हसू लागली. “म्हणजे मी एका बटणासाठी पायसम केलं?”

“तुझ्या शेजारचे ते पुरुषही तेव्हापासूनच गायला लागले.”

“त्यांना जमेल अशी पट्टी आधी लावली कुणी होती? तू म्हणाली होतीस, देवाचं गाणं...”

“आठवतंय.”

“मला दर रविवारी आठवतं. तुला आज आठवलं.” नागलक्ष्मीनं दोरा दातानं तोडला. “बस. कॉफी घेऊन जा.”

वसुमती बसली. कॉफी संपेपर्यंत तिनं एकही सबब सांगितली नाही, आणि नागलक्ष्मीनंही विषय पुढे नेला नाही.

त्या रविवारी ती काही बोलली नाही. गुड फ्रायडेला उपासनेआधी ती कीबोर्डजवळ गेली.

“आणखी अर्धा उतरव.”

“आत्ते, खाली तुमचा आवाज लागणार नाही.”

“ठाऊक आहे. मागच्या म्हाताऱ्यांना अजून वरच्या ओळीला धाप लागते. मी बघितलंय.”

“मग पहिली ओळ कोण गाणार?”

“तू वाजव. त्यांना पाठ आहे.”

ती मधल्या वाटेनं मागे गेली. नागलक्ष्मीनं न बघता पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. पुढे माईकसमोर कोणी नव्हतं. कीबोर्डचे सूर निघाले, क्षणभर चर्च वाट बघत राहिलं. मग डावीकडून एक घोगरा आवाज निघाला, उजवीकडून दुसरा, आणि पाहता पाहता बाकाची फळी वसुमतीच्या पाठीला थरथरू लागली. ती कान देऊन ऐकत होती. एवढ्यांत आपला आवाज कुठला, ते तिला सापडेना.

नागलक्ष्मीनं तिला कोपरानं ढोसलं. “थांबलीस का? गा की.”

“गातेच आहे,” वसुमती म्हणाली.