बाळ रडलं होतं का

संशोधक बाईंचं काम असं : एखाद्या घरी बाळ पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच गेलं, की काही महिन्यांनी तिथे जायचं आणि काय घडलं ते विचारायचं. घरातल्यांना एकत्र बसवायचं, ही त्यांची पद्धत. एक विसरला, तर दुसरा आठवण करून देतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सासू शिलाई मशीनपाशी बसली होती, सून पलंगाच्या कडेला.

"गेल्यावर विचारायला येता," सासू म्हणाली. "आधी कुठं असता तुम्ही?"

"बरोबर आहे, आजी. पुढच्यांच्या वेळी तरी आधी पोचावं, म्हणून विचारते."

ऑपरेशनच्या वेळी सुनेला भूल दिली होती. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दाराबाहेर सासूच्या हाती दिलं होतं. म्हणून प्रश्न सासूला.

"बाळ रडलं होतं का?"

"नाही," सूनच म्हणाली. "आईंनी सांगितलंय. श्वासच नव्हता."

सासूने मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. "रडलं काय, न रडलं काय. तुम्हाला काय फरक पडतो?"

"पडतो. पोटातच गेलं असेल, तर आईच्या तपासण्या सुधारायला हव्यात. रडून मग गेलं असेल, तर त्याला श्वास द्यायला जवळ कोण होतं, ते बघायला हवं. चुकीचं कळलं तर दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे."

सासूने कापड बाजूला ठेवलं.

"रडला," ती म्हणाली. "बारीक आवाजात. मग माझ्या हातातच निवला."

हे दोघींना वेगवेगळं विचारायला हवं होतं, हे संशोधक बाईंच्या लक्षात आलं. पण तोंडातून गेलेला प्रश्न माघारी येत नाही.

"आई?" सून म्हणाली.

"तुला ताप होता, टाके ओले होते. वाटलं, जो आलाच नाही त्याचं दुःख कमी होईल. आता काय बोलायचं ते बोल मला."

डोळे पुसून सुनेने विचारलं, "त्याच्याशी कोणी बोललं का?"

"बोलले की. 'आलास का रे' म्हटलं."

"कोणासारखा होता?"

"तुझ्यासारखा. नाक तेवढं आमच्याकडचं. त्याला कोण काय करणार."

संशोधक बाईंनी रेकॉर्डर बंद केला. पुढचे प्रश्न राहू दिले. सून उठली आणि सासूजवळ खाली येऊन बसली.

"आणि कान?" तिने विचारलं.