माझी गुलाबी पाने कुणाची?

पान १

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. निळा पुठ्ठा, दोन लोखंडी कड्या आणि पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी: 'सातवे ठाणे, मालिका दुसरी, पटकथा'. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारपर्यंत माझ्या पोटात एकशे बारा पाने होती. आज एकशे अकरा आहेत. म्हणून मी बोलते आहे, आणि गोड बोलणार नाही.

पान २

'सातवे ठाणे' तुम्हाला ठाऊक नसेल तर आईबाबांना विचारा. सूर्यापासून फार दूर एक ठाणे, त्यात अकरा माणसे आणि खोटे बोलता न येणारे एक यंत्र. तीन मालिका झाल्या, दोन चित्रपट झाले. ज्याने ते लिहिले त्याला चाहते 'गुरुजी' म्हणतात. निर्मात्याला म्हणतात 'कात्रीशेठ', कारण त्याने गुरुजींचे लिखाण कापले अशी वदंता आहे. दोघेही आता हयात नाहीत. त्यामुळे त्यांच्या वतीने कुणीही काहीही ठोकून द्यावे, अशी छान सोय झाली आहे.

ते दोघे जिथे लिहायला बसत, त्या खोलीतले तिसरे माणूस मात्र आहे. ताई. तिनेच माझे पान न् पान टंकित केले.

पान ४०

माझा जन्म स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला. एक टेबल, तीन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. एका बाजूला गुरुजी, समोर निर्माता, मध्ये टाइपरायटर घेऊन ताई.

आता रंगांचे ऐका, कारण सगळा घोळ तिथेच झाला. पटकथेतले पान बदलले, की नवे पान वेगळ्या रंगाच्या कागदावर काढायचे. मूळ पान पांढरे. पहिला बदल निळा, दुसरा गुलाबी, तिसरा पिवळा. म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाला एका नजरेत कळते, की हातातले पान ताजे आहे की शिळे. बस, एवढेच! पान कधी बदलले ते रंग सांगतो. कुणी बदलले ते सांगत नाही.

पान ४०-अ
(हे पान मागाहून घुसवले आहे. पटकथेत असे चालते.)

निर्मात्याने माझ्यावर काय लिहिले, ते विचाराल तर एकच शब्द. पेन्सिलीने, समासात: 'का?' कप्तान दार उघडतो. का? यंत्र रडते. का? गुरुजी चिडायचे, पेन आपटायचे, व्हरांड्यात एक चक्कर मारायचे आणि येऊन नवे काहीतरी सांगायचे. ते निर्माता अर्ध्यात तोडून पुढे न्यायचा. टाइपरायटर दोघांच्या मागे धावायचा.

काम संपले आणि मी ताईच्या कपाटात गेले. अडतीस वर्षे. दर वर्षी एकदा ती मला उन्हात ठेवायची आणि कड्यांना तेलाचे बोट लावायची. मी सुखात होते.

पान ६१

मग चाहता मंडळाचे पत्र आले: प्रदर्शन भरवतो आहोत, फाईल द्याल का? ताईने मला स्वच्छ पिशवीत घालून सेक्रेटरीच्या हातात दिले. म्हणाली, "त्या खोलीतली मी एकटीच उरलेय. नंतर विचारायलाही कुणी नसेल. आहे तशी मांडा, आहे तशी परत करा."

"काकू, जिवापलीकडे जपू," सेक्रेटरी म्हणाला.

जपले! पुढचे वाचा.

पान ७८

ग्रंथालयाची माडी. पंधरावीस प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर मंडळाचे चाहते. मला मधोमध उघडून ठेवलेले.

"ही गुलाबी पानं बघा," एक दाढीवाला म्हणाला. "तेवीस पानं! सगळी कात्रीशेठची ढवळाढवळ."

"ढवळाढवळ?" एक शाळामास्तरीण उसळली. "गुलाबी पानांतच तर जीव आहे. तुमच्या गुरुजींच्या पांढऱ्या मसुद्यात ते यंत्र साडेतीन पानं बोलत होतं म्हणे. मला आमचे मुख्याध्यापक आठवतात."

"भाषण नव्हतं ते, बाई. तत्त्वज्ञान होतं!"

"मुख्याध्यापकही तेच म्हणतात."

लोक हसले. मला हसू आले नाही. गुलाबी म्हणजे निर्माता, हे कुणी ठरवले? कुणीच नाही. पण दोन्ही पक्ष ते धरूनच भांडत होते. एकाला गुलाबी पाने म्हणजे डाग वाटत होती, दुसरीला दागिने.

आणि मग, मित्रांनो, दोघांचे एकमत झाले. कशावर? मला फाडण्यावर! गुलाबी पाने काढून वेगळ्या काचपेटीत ठेवायची. दाढीवाल्याला चिठ्ठी हवी होती 'निर्मात्याचा हस्तक्षेप', मास्तरणीला 'निर्मात्याची देणगी'. सेक्रेटरी म्हणाला, "दोन्ही लावू. भांडू नका."

पान ९४

माझ्या कड्या घट्ट असतात. त्या दोन्ही बाजूंनी हळू उघडायच्या असतात. त्यांनी पाने ओढली. भोके फाटली. तेवीस पाने टेबलावर पालथीउताणी पडली, आणि प्रेमाने माझ्यावर तुटून पडलेले ते सगळे लोक चहाला गेले.

पान ९६

ताई जिना चढून वर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"हे काय?"

"वर्गीकरण चाललंय, काकू."

"वर्गीकरण? भाजी निवडताय का?" तिने पाने हातात घेतली. "हे गुलाबी म्हणजे काय समजलात?"

"निर्मात्याची पानं," दोघे एकदम म्हणाले.

"गुलाबी म्हणजे बुधवार! निळी सोमवारी झाली, गुलाबी बुधवारी. पिवळा कागद आणेपर्यंत मालिका संपली. विचारायचं तरी एकदा. फोन आहे ना माझ्याकडे?"

मास्तरीण हळूच म्हणाली, "मग यातलं त्यांचं कुठलं, गुरुजींचं कुठलं?"

"एक वाक्य सुरू करायचा, दुसरा संपवायचा. मी बोटं चालवू की वाटण्या करू?" ताई पाने लावू लागली. ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव. तिचा हात थांबला. "पंचाण्णव कुठाय?"

पान ९५, डावी पट्टी

तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांना तो प्रसंग पाठ असेल. मरणाऱ्या कप्तानाने यंत्राला विचारले, "मदत येतेय ना?" मदत येत नव्हती. यंत्राला खोटे बोलता येत नव्हते. त्या साडेतीन पानांच्या भाषणापुढे निर्मात्याने लिहिले होते 'का?' गुरुजी ओरडले, "मग काय, गप्प बसवू त्याला?" निर्माता म्हणाला, "बसवा." दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. ताईने नवे गुलाबी पान चढवले आणि वर एकच ओळ टंकित केली. खाली सगळे पान कोरे.

पान ९५, उजवी पट्टी

ते पान टेबलावर पालथे पडले होते. सेक्रेटरीला वाटले, कोरा कागद. त्याने कात्री घेतली, पान मधून उभे कापले आणि पाठीवर चिठ्ठ्या लिहिल्या.

ताईने काचपेटीवरची पहिली चिठ्ठी उपटून उलटली. 'यंत्र गप्प'. दुसरी उलटली. 'राहते.'

सेक्रेटरी रडवेला झाला. "काकू, मला खरंच..."

"चिकटपट्टी लावू नकोस," ताई म्हणाली. "कागद खाते ती. आणि पिशवी दे माझी."

दाढीवाला आणि मास्तरीण खाली वाकून उरलेली पाने गोळा करत होते. तेव्हाही, खरे सांगते, दाढीवाला पुटपुटलाच, "पण गप्प बसवायची कल्पना मुळात गुरुजींचीच, नाही का?"

पान ११२

मी पुन्हा ताईच्या कपाटात आहे. फाटक्या भोकांभोवती तिने पातळ कागदाची गोल चकती एकेक करून चिकटवली. बावीस पाने, बावीस दुपारी. पंचाण्णव तसेच आहे, दोन पट्ट्यांत. प्रदर्शनाला तिने मला पुन्हा दिले नाही. मंडळाची तीन पत्रे आली, तिने एकही उघडले नाही.

मित्रांनो, वाद घाला. रात्रंदिवस घाला, घसा बसेपर्यंत घाला. ज्या गोष्टीवर कुणी भांडत नाही ती मेलेली असते. पण माझ्यासारखे काही हातात आले, तर आधी पालथे पान उलटून पाहा. आणि ज्याने ते सांभाळले तो माणूस जिवंत असेल, तर त्याला विचारायला जा. त्याचे दार ठोठावायला लाजू नका. माझी ताई त्या रविवारपर्यंत फोनजवळच बसलेली असायची.