दुसरा कलश

कोपरीच्या त्या सभागृहात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हरिहर महाराज बाईच्या तळहाताला ओली हळद लावत आणि वर कलशातलं तीर्थ शिंपडत. हळद पिवळी राहिली तर बाई शुद्ध. लाल झाली तर चारित्र्याला डाग.

"माऊली, माणूस खोटं बोलेल, हळद नाही बोलणार," असं गोड आवाजात म्हणत महाराज कधी हा कलश उचलत, कधी तो.

रखमाबाईंनी सुनेला, कृतिकाला, बळेच आणलं होतं. पाळी नसतानाही तिच्या अंगावरून रक्त जायचं. हे त्यांनी महाराजांच्या कानावर आधीच घातलं होतं. कृतिकाचा तळहात लालभडक झाला तशा बायका मागे सरकल्या. रखमाबाईही अर्धं पाऊल सरकल्या.

घरी येऊन त्यांनी सुनेची हळद लागलेली साडी भिजवली. साबण लागला आणि पिवळा डाग लाल झाला. वरणाचे, हळदी समारंभाचे डाग असेच लाल होताना त्या जन्मभर बघत आल्या होत्या. सभागृहातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. पण देवाचं नाव निघालं आणि सगळ्यांची अक्कल चपलांसोबत बाहेर राहिली. रखमाबाईंना सुनेकडे बघायची लाज वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी त्या कृतिकाला डॉक्टर संचितांकडे घेऊन गेल्या.

"यात चारित्र्य कुठून आलं?" सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "असं रक्त गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमुळेही जाऊ शकतं, म्हणून तपासायचं. तो कॅन्सर बहुतेकदा एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, नवऱ्याशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या बाईलाही. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्या वर्षानुवर्षं राहतो. कोवळ्या वयातलं लग्न, खूप बाळंतपणं, तंबाखू यांनी धोका वाढतो. आणि आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच."

रखमाबाईंनी कमरेची डबी पदराआड केली.

तपासणीत कृतिकाच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बिघडू लागलेल्या दिसल्या. कॅन्सर अजून झाला नव्हता, उपचार होण्यासारखे होते.

पुढच्या रविवारी रखमाबाईंनी महाराजांपुढे स्वतःचा हात धरला. महाराजांनी हळद लावून कलश उचलला तशा त्या म्हणाल्या, "हा कलश नको. तो दुसरा घ्या."

महाराज चुळबुळले. रखमाबाईंनी स्वतःच दुसरा कलश उचलून हातावर ओतला. हळद लाल झाली. मग महाराजांच्याच ताटातलं लिंबू त्यांनी वर पिळलं. हळद पुन्हा पिवळी.

"झाले मी शुद्ध," त्या म्हणाल्या. "एकात चुन्याची निवळी, एकात नळाचं पाणी. कोणाला कुठलं, ते आपणच आधी यांच्या कानावर घालून ठरवतो. माझ्या सुनेचं मीच सांगितलेलं. बायांनो, अंगावरून जात असेल तर डॉक्टर गाठा. काही होत नसलं तरी तिशीनंतर तपासून घ्या. लाज अंगावरून जाण्याची नाही, या कलशांपुढे लेकीसुनांना आणण्याची वाटू द्या."

परतताना कृतिका हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्हीपण मागे सरकलेलात."

रखमाबाईंनी कमरेची डबी काढून तिच्या हातात दिली. "उद्या माझंही नाव घाल तपासणीला," त्या म्हणाल्या.