पहिल्या बाकाचं मत

फळ्याला नवा काळा रंग. अजून ओलाच. खडू टेकवला की बोटं काळी होतात आणि फळा कोराच राहतो.

काचेच्या बरणीत एक बेडूक, पोट वर करून. बरणीवरची चिठ्ठी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मुलींच्या संडासाला कुलूप. पाहुण्यांसाठी घासून ठेवलाय म्हणे.

‘मला वाटतं की आमच्या शाळेत आनंददायी वातावरण आहे.’ यातलं ‘मला’ बाईंनी दिलेलं. ‘वाटतं’सुद्धा त्यांचंच.

मावशी गणवेशाला इस्त्री करतेय, घडी अशी की बोट कापेल. आणि तो घालायचा जिला, ती दाराशी पाठ टेकून बसलीय. वेणी नाही, आंघोळ नाही.

हे सगळं एकाच सकाळचं. शाळेच्या तपासणीची सकाळ.

दाराशी बसलेली ती ताई, मावशीची मुलगी. तिला उठवायला जी धडपडत होती ती तिची मावसबहीण, मावशीकडेच राहणारी. घरात तिला सगळे वकीलीण म्हणत, कारण काकांनी एकदा नुसतं ‘गप्प बस’ म्हटलं तर तिने ‘का?’ असं विचारलं होतं. ताई वर्षाने मोठी. पण एकदा नापास झाली आणि दोघी नववीच्या एकाच वर्गात आल्या. ताई वाचायला उभी राहिली की ओळीच्या मध्यावर अडकते. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती सांगते. मागून कुणीतरी खोकतं, मग सगळा वर्ग खोकतो.

मागच्या तपासणीला बाईंनी अशा मुलांना घरीच राहायला सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, एवढी गैरहजेरी कशी? म्हणून यंदा नवी शक्कल. मुलं शाळेत हवीत, वर्गात नकोत. साहेब असेपर्यंत त्यांनी प्रयोगशाळेत बसायचं, बाहेरून कुलूप. नाहीतरी ती खोली वर्षभर बंदच असते. वकीलीणीने त्या बेडकाला आजवर खिडकीतूनच नमस्कार केला होता.

“आज मला कोंडलं ना,” ताई म्हणाली, “तर उद्यापासून मी शाळेचं तोंड बघणार नाही. शिलाईच्या दुकानात बाई हवीच आहे त्यांना.”

“कोंडू देणार नाही,” वकीलीण म्हणाली. “मला साहेबांपुढे बोलायचंय. मी सांगते त्यांना.”

एवढ्या भरवशावर ताईने वेणी घातली.

बोलायचं होतं हे खरं. पंधरवडाभर वर्गात शिकवणं बंद होतं आणि पाठांतर चालू. प्रत्येक बाकाला एक प्रश्न, त्याचं एक उत्तर. साहेब हेच प्रश्न पहिल्या बाकापासून विचारत जाणार, हे हेडसरांनी आधीच ठरवून घेतलं होतं. दुसऱ्या बाकाला त्रिकोण, तिसऱ्याला बाष्प, शेवटच्याला पितळ. प्रश्न पाठ करायची गरज नाही, असं बाई म्हणाल्या होत्या; आपली पाळी आली की उठायचं. पहिला बाक वकीलीणीचा. तिच्या वाट्याला मत आलं होतं. आजच्या शिक्षणाविषयी विद्यार्थ्याचं मत, सहा वाक्यांत.

बाईंची तरी काय गत. त्यांचा अर्धा दिवस मोबाईलवर फोटो पाठवण्यात जायचा. पुस्तकं हातात धरलेल्या मुलांचा फोटो, हात धुणाऱ्या मुलांचा फोटो. नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी मुलांनी कोरडेच हात चोळले होते. वकीलीणीला पूर्वी त्यांची कीव यायची. त्या सकाळी बाईंनी ताईच्या दंडाला धरून तिला प्रयोगशाळेत ढकललं आणि त्याच हाताने परत येऊन वकीलीणीची कॉलर नीट केली. तेव्हापासून तिच्या मानेवर काहीतरी चिकट राहिलं.

साहेब आले. अंग सैल, आवाज मऊ. बसले आणि म्हणाले, मागच्या मुलांवर अंधार फार आहे हो, त्यांना पुढे घ्या, पुढचे मागे जाऊ देत.

बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. पण साहेबांना नाही कोण म्हणणार? बाक तिथेच राहिले, मुलं उलटी झाली. वकीलीण शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकली.

चहा आला. साहेबांनी मांडीवरच्या मोबाईलकडे बघत पहिल्या बाकाला विचारलं, आजच्या शिक्षणाविषयी तुझं मत काय?

तिथे आता पितळवाला पोरगा बसला होता. पाळी आली, तो उठला.

“तांबं आणि जस्त.”

साहेबांनी बिस्किट बुडवलं.

“छान,” ते म्हणाले.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज विचारली, तर उत्तर आलं की शेतीसाठी गांडूळ उपयुक्त असतं. छान. बाष्प कशाने होतं, तर दर पाच वर्षांनी निवडणुकीने. छान, बस. बाईंचा रंग हळूहळू परत आला. त्या हसू लागल्या, हेडसरही हसू लागले. साहेबांनी उत्तर चुकीचं म्हटलं असतं तरी वकीलीणीला बरं वाटलं असतं. निदान कुणीतरी ऐकतंय एवढं कळलं असतं.

शेवटचा बाक.

“पितळ कशापासून बनतं?”

ती उठली. बाईंची सहा वाक्यं जिभेवर तयार होती. ती तिने गिळली.

“सर, माझं मत असं की इथे आम्हाला काही शिकवत नाहीत, नुसतं मांडून ठेवतात. आणि जे मांडण्यासारखे नाहीत त्यांना कोंडतात. माझी ताई आत्ता प्रयोगशाळेत कुलपात आहे. तुम्ही चला, मी दाखवते.”

साहेबांनी प्रथमच मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं, रिकाम्या कपाकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. या खेपेला अगदी नीट ऐकलं होतं.

“छान,” ते म्हणाले. “बोलण्यात धीटपणा आहे.” आणि हेडसरांना विचारलं की पुढच्या शाळेला जायला रस्ता कोणता बरा.

ती बाकावरून बाहेर पडली आणि दारातून निघून गेली. तिला कुणी हटकलं नाही. लाज झाकायची असली की माणसं मोठी समजूतदार होतात. व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळेचं दार. कडीत मोठं काळं कुलूप. तिने दारावर दोन्ही हात आपटले.

“ताई! मी सांगितलं त्यांना.”

आत पायांची चुळबुळ झाली. मग फटीतून ताईचा आवाज आला, दबका आणि घाबरलेला.

“ओरडू नकोस ना. साहेबांना ऐकू जाईल.”

वकीलीण तिथेच खाली बसली. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर शिपाई आला आणि मुलं रांगेने, पावलांचा आवाज न करता, बाहेर पडली. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती शिलाईच्या दुकानात गेली, इस्त्रीचा गणवेश घालूनच. दुसरा धड कपडा नव्हता.

त्या कुलपाची किल्ली आदल्या उन्हाळ्यातच हरवली होती. तेव्हापासून शिपाई ते न दाबता कडीत नुसतं अडकवून ठेवायचा.