जमिनीपासून चार बोटं

एकटेपणा हा आपल्या युगाचा सर्वांत मोठा रोग आहे आणि लहान चणीचा जातिवंत कुत्रा हे त्यावरचं जगन्मान्य औषध आहे. हे आमच्या अपेक्षानं एका रविवारी जेवताना जाहीर केलं. अपेक्षा माझी मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जगानं हे कुठं मान्य केलं असं मी विचारलं, तर म्हणाली, "रील होतं, पप्पा."

रोगी म्हणजे माझे वडील, किसनराव. तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं कापसाच्या काट्यावर होते. आई गेल्यावर तिथंच एकटे राहिले. यंदा जानेवारीत अंगणात चक्कर येऊन पडले आणि शेजारच्या जाईबाईंना दिसेपर्यंत दीड तास पडून होते. डॉक्टरांनी बजावलं, यांना आता एकटं ठेवू नका. म्हणून त्यांना अमरावतीला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. थंडी बरी गेली. एप्रिल निम्मा सरला आणि एक दिवस चहाची बशी खाली ठेवत बाबा म्हणाले, "बुद्धपौर्णिमा झाली का मी जातो गावाले."

"का, बाबा?"

"काहून म्हंजे? नाही जमत मले इथं."

या "नाही जमत"वर आमच्या घरात तीन आठवडे विचारमंथन झालं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ विचारण्याआधी तिचे संदर्भ गोळा करण्याची मला सवय आहे. लक्षणं अशी होती. दुपारी जेवण झालं की बाबा दुपट्टा भिजवून छातीवर घेत. दोन वाजले की उठून कोपऱ्यावरच्या बँकेत जात आणि तिथल्या वॉचमनजवळ चार वाजेपर्यंत बसत. मी वॉचमनला गाठून विचारलं, बाबा काय बोलतात. तो म्हणाला, "काहीच नाही बोलत, साहेब. नुसते बसते."

हे ऐकून दीपमालाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. घरात तीन माणसं असताना म्हातारा माणूस परक्या वॉचमनजवळ नुसता जाऊन बसतो, म्हणजे आत किती रिकामं असेल! ओल्या दुपट्ट्याचंही अपेक्षानं शोधून काढलं. माणसाला मायेचा स्पर्श मिळाला नाही की तो छातीवर काहीतरी धरून ठेवतो म्हणे.

बाबांची चौकड्याची पिशवी दिवाणाखाली असायची. रोज सकाळी मी ती पायानं हळूच ढकलून बघायचो. सोमवारी ती सहज सरकली. गुरुवारी अडली. शनिवारी तिच्यात औषधांचा डबा गेला होता. जाईबाई मे महिनाभर मूर्तिजापूरला लेकीकडे असतात. या खेपेला बाबा पडले तर दीड तासानंही कोणाला दिसणार नव्हते.

तर कुत्रा. पण कुठलाही नाही. जबाबदार ब्रीडरकडचा. अपेक्षानं बत्तीस प्रश्नांची यादी केली होती: पिलाची आई दाखवता का, आठ आठवड्यांआधी पिलू देता का, लसीचं कार्ड आहे का, नाही जमलं तर परत घेता का. यादीच्या शेवटी लाल शाईत लिहिलं होतं की खऱ्या ब्रीडरची खूण एकच, तोच तुम्हाला प्रश्न विचारतो.

अमरावतीत ज्या पहिल्या माणसाकडे गेलो, त्याच्याकडे टमाट्याच्या कॅरेटमध्ये सहा पिलं होती आणि शेजारच्या कॅरेटमध्ये टमाटे होते. आई दाखवा म्हटल्यावर त्यानं मोबाइलवर एका कुत्रीचा फोटो दाखवला. मागं बर्फ होता.

"ही कुठं असते?" मी विचारलं.

"इथंच, शहरातल्या नवसारीले."

"बर्फात?"

"तो जुना फोटो हाय, सर." मग त्यानं त्याच्या बाजूनं एकमेव प्रश्न विचारला, "कव्हा नेता?"

दुसऱ्यानं सर्टिफिकेट आधी दाखवलं, कुत्रा नंतर. दोघांचं वर्णन जुळत नव्हतं. तिसऱ्यानं फोनवर तोच बर्फ पाठवला. पौर्णिमेला अकरा दिवस राहिले होते आणि पिशवीत चार्जरही गेला होता.

शेवटी दीपमालाच्या शाळेतल्या एका बाईंनी अकोल्याचा नंबर दिला. मैनाबाई. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता डॅशहंड पाळतात, वर्षाला एकच वेत. डॅशहंड म्हणजे तो लांबट, आखूड पायांचा, पोट जमिनीला घासेल की काय असं वाटणारा कुत्रा. मी फोन केला आणि यादी समोर धरली. पहिला प्रश्न मला विचारताच आला नाही.

"घरी कोण कोण हाय?" मैनाबाई म्हणाल्या. "दुपारी कोण असते? जिना किती पायऱ्याचा? आधी कुत्रं होतं काय? मेलं तं कशानं मेलं?"

मी घामाघूम होऊन उत्तरं दिली. अपेक्षा शेजारून आनंदानं मान डोलावत होती. असा छळ होतो आहे म्हणजे ब्रीडर नक्कीच जबाबदार.

"रविवारी या. घरातले सारे या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाबांना अकोल्याला चला म्हटलं. का ते सांगितलं नाही, कारण रीलमध्ये आश्चर्याचाही गुण सांगितला होता. त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वाटलं, कोणाकडे तरी पाहुणचार असेल.

डाबकी रोडच्या मागं मैनाबाईंचं घर. पुढच्या खोलीत पिलांची आई धुतलेल्या चादरीवर पसरली होती आणि तिच्याभोवती चार पिलं एकमेकांचे कान ओढत होती. आई खरी होती, बर्फ नव्हता, कार्डं फायलीत लावलेली होती. बत्तीस प्रश्नांपैकी एकतीस न विचारताच सुटले.

बाबा खुर्चीवर बसून होते. एक तांबूस पिलू त्यांच्या चपलेपाशी आलं. त्यांनी ते एका हातानं उचललं, किंचित वरखाली केलं आणि म्हणाले, "दोन किलोले जरासं कमी."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आतून काटा आणला आणि पिलू त्यावर ठेवलं. एक किलो नऊशे साठ.

"आताच मुतलं ते," बाबा म्हणाले. "नाही तं भरलं असतं."

"भाऊ, कुठं होते नोकरीले?"

"काट्यावर. कापूस." त्यांनी पिलाच्या पोटाखाली हात घालून पाहिलं. "याले पाय कमी दिले काय हो?"

"जातच तशी हाय. जमिनीपासून चार बोटं."

बाबा हसले. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा हसले. दीपमालानं माझा दंड दाबला. अपेक्षानं फोटो काढला. माझ्या मनात पिशवीतून औषधांचा डबा बाहेर आला.

"मग आज नेलं तर चालेल?" मी विचारलं.

"नाही," मैनाबाई म्हणाल्या. "मी घर पाहतो आधी. गुरुवारी दुपारी दोन वाजता."

"सकाळी आलात तर उन्हाचा त्रास..."

"सकाळी साऱ्याचंच घर चांगलं असते, सर."

पौर्णिमा शुक्रवारी होती.

पुढचे चार दिवस आम्ही घर असं घासलं की दीपमालाच्या माहेरच्यांसाठीही कधी घासलं नव्हतं. उघड्या वायरी भिंतीला चिकटवल्या. गॅलरीच्या कठड्याला जाळी मारली. कूलरच्या तिन्ही बाजूंना नव्या खसच्या ताट्या लावल्या. आमचा कूलर हा माझा अभिमानाचा विषय आहे. हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवलेला, लोखंडी बॉडीचा, असा की सोफ्यावर बसून पेपर वाचायचा तर दोन्ही हातांनी धरावा लागतो. बाबा आमची धावपळ बघत होते. बुधवारी त्यांनी पिशवीची चेन लावली. तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

गुरुवारी पारा पंचेचाळीसवर होता. दोनला दोन मिनिटं असताना मैनाबाई आल्या. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि वॉर्डातला असावा असा भिंतीवर टांगायचा थर्मामीटर. पाहुण्या येणार म्हणून आम्ही बाबांना त्या दिवशी बँकेत जाऊ दिलं नव्हतं. ते दिवाणाच्या टोकाशी भिजल्या दुपट्ट्यानं मान पुसत बसले होते.

मैनाबाईंनी जाळी ओढून पाहिली. फिनाइल कुठं ठेवता ते पाहिलं. जिना मोजला. दीपमाला ताक घेऊन मागं मागं फिरत होती, त्यांनी ते घेतलं नाही. उत्तरपत्रिका तपासली जाते आहे आणि आपण वर्गाबाहेर उभे आहोत, अशी माझी अवस्था झाली होती.

"पिलू ऱ्हाईन कुठं?"

"इथंच, हॉलमध्ये," मी म्हणालो आणि सहज केल्यासारखं कूलरचं बटण तीनवर नेलं. पडदा आडवा झाला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उघडलं. "या हवेची काळजीच नको."

"इथं म्हंजे कुठं?"

मी दिवाण आणि भिंत यांच्यामधला कोपरा दाखवला. तिथं बाबांची सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. बाबा पलंगावर कधीच झोपत नाहीत, पाठ धरते म्हणतात, म्हणून तो कोपरा त्यांचाच. पिलू त्यांच्याजवळच असावं, अशी सगळी योजना होती.

"झोपा," मैनाबाई म्हणाल्या.

"मी?"

"पिलू जिथं आडवं होईन तिथं आडवे व्हा, सर. उभ्यानं मले काही नका सांगू."

एम.लिब. झालेला माणूस बायकोमुलीसमोर जमिनीवर आडवा झाला. वर पडदा फडफडत होता, कॅलेंडर भिंतीवर डोकं आपटत होतं, कूलर विमानासारखा गर्जत होता. आणि मला काहीच लागत नव्हतं. हवा दिवाणाच्या वरून निघून थेट सोफ्यावर जात होती. खाली नुसती फरशी, दिवाणाची पाठ, आणि दुपारभर तापत आलेल्या भिंतीची धग. दोन मिनिटांत माझी बनियन पाठीला चिकटली. मैनाबाईंनी थर्मामीटर माझ्या कानाशी ठेवला, मग सोफ्यावर ठेवला, दोन्हीकडे पाच पाच मिनिटं वाट पाहिली, आणि मला उठू दिलं नाही.

"सोफ्यावर एकतीस. इथं अडतीस," त्या म्हणाल्या. "पिलू नाही देत मी. पावसाळा लागला का फोन करा."

मी उठून बसलो. बाबांच्या देखत बोलायचं नव्हतं, पण पौर्णिमा उद्यावर आली होती आणि पिशवीची चेन लागलेली होती. "मैनाताई, पावसाळ्यापर्यंत नाही थांबता येणार. हे उद्या तेल्हाऱ्याला चाललेत. तिथं एकटे असतात. पडले होते जानेवारीत. पिलू असतं तर यांचं मन रमलं असतं, राहिले असते."



"माह्यासाठी?" बाबा म्हणाले. "कुत्रं माह्यासाठी हाय? मी कव्हा मांगलं?"

"तुम्हाला इथं एकटं वाटतं ना, आबा," अपेक्षा म्हणाली.

"कोण म्हणते?"

"तुम्ही बँकेत जाऊन त्या वॉचमनजवळ..."

"बँकेत एसी हाय, माय," बाबा म्हणाले.

मैनाबाई गुंडाळलेल्या सतरंजीकडे बघत होत्या. "भाऊ, इथं तुमी झोपता काय?"

"हव."

"एप्रिलपासून?"

"फेब्रुवारीपासून. पण तव्हा बरं होतं." त्यांनी दुपट्टा पिळून मांडीवर घेतला. "तेल्हाऱ्याले माहा कूलर खाली दोन इटांवर हाय. हवा आंगावर येते. झोप लागते. इथं रात न रात जागा असतो. म्हनून म्हटलं, जातो."

"मग सांगायचं होतं ना, बाबा!" माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा चढा निघाला.

"सांगाचं काय त्यात? मले वाटलं, तुमच्या इकडं हवा वरूनच जाते."

दीपमाला स्वयंपाकघरात निघून गेली. अपेक्षा मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली, मग तिनं तो उलटा ठेवला. मैनाबाईंनी थर्मामीटर पिशवीत घातला आणि ताकाचा पेला तेवढा घेतला.

"तांबडं पिलू मी दुसऱ्याले देतो," पेला खाली ठेवत त्या बाबांना म्हणाल्या. "तुमाले पायजे काय, भाऊ?"

बाबांनी दुपट्टा झटकला. "नको. लय मुतते ते."

शुक्रवारी सकाळी विहारात वंदना करून आल्यावर मी आणि बाबांनी कूलर खिडकीतून उतरवला आणि गॅलरीच्या दारात खाली ठेवला. दुपारी बाबा अडीच तास झोपले. पिशवी दिवाणाखालून गेली, औषधं पुन्हा फ्रिजवर आली.

विटा दोन लागल्या.