निळं झाकण

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला फाटकातच गाठलं आणि म्हणाल्या, आधी बघा, मग बोला. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

त्यांच्या दवाखान्याची दर्शनी भिंत चुनखडीच्या फिक्या, मऊ दगडाची. असला दगड साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचा, तान्ह्या बाळाला अंघोळ घालतात तसा. इथे कुणीतरी अ‍ॅसिड मारलं होतं. वरपासून खालपर्यंत पांढरे ओघळ, मधेच खरवडल्यासारखे खड्डे, खिडकीच्या गजांचा गंज उतरून पडलेले पिवळे पट्टे. बाई म्हणाल्या, अशी कीड मी फक्त गोळ्या चघळणाऱ्या पोरांच्या दातांत बघितली आहे.

कोण हा शहाणा, असं विचारल्यावर कळलं, माझाच धाकटा भाऊ. वर माझा नंबरही त्यानंच दिला होता, की हे आता आमचा दादाच निस्तरू शकेल. एका शिडीवरून भांडून आम्ही वेगळे झालो त्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझी कधी आठवण झाली नाही. घाण उपसायची वेळ आली तेव्हा बरोबर झाली.

बाईंना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं. मी नाही म्हणालो तर रंगारी बोलावून सगळं रंगवून टाकणार होत्या. सांध्यांत मुरलेल्या अ‍ॅसिडवर चढवलेला रंग वर्षभरात पापुद्र्यांनी सुटेल आणि दगडाची सालही घेऊन खाली येईल, हे मला दिसत होतं. पण आमच्या दगड-विटा धुण्याच्या धंद्यात भिंतीला शेवटचा हात ज्याचा लागतो, दोष त्याच्याच नावावर जातो. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक दगड बिघडला नव्हता. आता म्हातारपणी दुसऱ्याचं पाप माथ्यावर कशाला घ्यायचं?

घरी जेवताना मी ताट आपटलं, वाटी आपटली, धाकट्याच्या सात पिढ्या काढल्या. बायको म्हणाली, त्याच सात पिढ्या तुमच्याही आहेत. मग पाण्याचा तांब्या माझ्यापासून लांब ठेवत म्हणाली, "भावजींवर चिडलाय की भिंतीवर, ते आधी ठरवा. भिंतीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

सकाळी मी त्याच्या शेडवर गेलो. काम घ्यायला नाही, चार शब्द सुनावायला. वाटेत चाराचे चाळीस झाले होते. तो पाईप गुंडाळत बसला होता. केस पार पांढरे झालेले. मला बघून त्यानं एक बादली पालथी घातली आणि बस म्हणाला. मी बसलो नाही. तोंडाला येईल ते बोललो. तो पाईप गुंडाळत राहिला, त्यानं मी आणखीच पेटलो.

"कुठल्या गाढवानं सांगितलं तुला, चुनखडीवर अ‍ॅसिड मारायला?"

"अ‍ॅसिड नव्हतं, दादा. निळं झाकण होतं."

त्यानं डबा माझ्यापुढे ठेवला. झाकण निळंच होतं.

आम्ही एकत्र होतो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. डबे मी झाकणांवरून ओळखायचो. लाल म्हणजे अ‍ॅसिड, विटांना. निळं म्हणजे साबण, दगडाला. धाकटा आठवीपर्यंत शिकलेला. एकदा डब्यावरचं वाचत उभा राहिला, तर मी चार माणसांत त्याला झापलं होतं, की वाचत काय बसतोस, झाकण बघ आणि कामाला लाग. मग यंदा, छप्पन्नाव्या वर्षी, मी अक्षरं शिकलो. डबा वाचता आला त्याच आठवड्यात कळलं, की कंपनीनं नव्या डब्यांच्या झाकणांचे रंग उलटे केलेत. माझ्या माणसांना मी लगेच सांगितलं. धाकट्यालाही सांगावं, असं एकदा मनात आलं होतं. पण अबोला होता. म्हटलं, तो शिकलेला आहे, वाचेल.

"फेस आला ना," तो म्हणाला, "म्हणून मला साबणच वाटला."

चुनखडीवर अ‍ॅसिड पडलं की फेसच येतो. हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. तशी वेळच येऊ दिली नव्हती.

पालथी बादली मी लाथेनं उडवली. ती भिंतीवर आपटून परत माझ्याच पायाशी आली.

"पाईप उचल," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंना मी दुपारच्या आत स्पष्ट सांगितलं. खड्डे भरणार नाहीत. पट्टे फिके होतील, जाणार नाहीत. अ‍ॅसिडचं आतून दगड खाणं तेवढं थांबेल. आणि यापुढे कुणी विचारलं, भिंत कुणी बिघडवली, तर माझं नाव सांगा. त्या म्हणाल्या, पण तुम्ही कुठे बिघडवली? मी म्हणालो, झाकण मी सांगितलं होतं. त्यांना काही कळलं नाही. दार उघडं ठेवून त्या पेशंटकडे गेल्या.

दोन दिवस आम्ही भिंतीला नुसतं पाणी दिलं, मग अ‍ॅसिडचा जोर तोडायला सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं. तिसऱ्या दिवशी साबणाची पाळी आली. धाकट्यानं लाल झाकणाचा डबा उचलला आणि सवयीनं थबकून माझ्याकडे बघितलं. माझा राग अजून उतरला नव्हता, आणि आता तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं. मी डबा त्याच्या हातात फिरवून अक्षरांची बाजू त्याच्याकडे केली.

"वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. पहिल्या ओळीपासून, कंपनीच्या पत्त्यासकट. मी त्याला मधे थांबवलं नाही.