अठरा मिनिटं पुढे

मी महिपती आजोबांचं चावीचं घड्याळ बोलतोय. घाबरू नका, तुमची पावलं मोजणार नाही. रात्री किती झोपलात हेही सांगणार नाही. ते तुमचं तुम्हाला ठाऊक असायला हवं. मला फक्त वेळ सांगता येते. त्या एका कामासाठी माझ्या पोटात शंभराच्या वर भाग आहेत, म्हणून हल्ली मला मागासलेलं समजतात.

कारखान्यात एका बाईने श्वास रोखून, भिंगातून बघत माझ्यात केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली. तिच्या जोरावर एक इवलंसं चाक सेकंदाला पाच वेळा इकडून तिकडे झुलतं. दिवसाचे हेलकावे चार लाखांवर जातात. रजा नाही, चहाची सुट्टी नाही. माझ्या तबकडीवर 'सतरा ज्वेल्स' असं लिहिलंय ते मिरवायचे दागिने नव्हेत. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले ते माणकाचे खडे आहेत.

आजोबांची कात्रजच्या पुढे शेती होती. सकाळी म्हशींची धार काढून झाली की ते मला चावी द्यायचे, मोजून पंचवीस वळसे. पुढे गाव महापालिकेत आलं, शेतात इमारती आल्या. शेवटचं झाड तोडून झाल्यावर तिथल्या सोसायटीला हिरवळीचं नाव दिलं गेलं. मग आजोबांची बोटं थरथरू लागली, चावी पकडता येईना, आणि मी नातवाकडे आलो.

हा शुभंकर. आयटीत आहे, हुशार आहे. शुक्रवारी मला ऑफिसात नेऊन 'व्हिंटेज' म्हणून सगळ्यांना दाखवायचा. बाकीचे दिवस त्याने मोठ्या प्रेमाने मला फोनच्या चार्जिंग पॅडवर ठेवलं, त्याच्या स्मार्ट घड्याळाशेजारी. सगळी घड्याळं एका जागी बरी, म्हणे. त्या पॅडमध्ये लोहचुंबक असतं. आठवड्याभरात माझ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आणि मी दिवसाला अठरा मिनिटं पुढे पळू लागलो. दोष अर्थात माझ्यावर आला.

"आजोबा, हे गेलं," शुभंकर म्हणाला. "मॉलमधला माणूस म्हणतो, आतलं मशीन काढून सेलचं टाकू. बाहेरून सेम दिसेल, आणि ॲक्युरेट चालेल."

"टाक की," आजोबा म्हणाले. "माझं बी आतलं काढून नवं घालतो का, इचार त्याला." मग गंभीर होऊन म्हणाले, "आधी मंडईमागं सत्यशीलाबाईला दाव. ती गेलं म्हणली तर गेलं."

म्हणजे माझं मरण एका बाईच्या शब्दावर आलं. रस्ताभर माझा जीव टांगणीला लागला होता.

बाई घड्याळदुरुस्तीच्या टपरीएवढ्या दुकानात भिंग लावून बसल्या होत्या. "काय होतंय?"

"पुढे पळतंय. बॅटरी वगैरे..."

"चावीच्या घड्याळाला बॅटरी नसते. शिकलेले दिसताय." त्यांनी माझ्याजवळ छोटं होकायंत्र धरलं. त्याची सुई गर्रकन फिरली. "रात्री कुठे ठेवता?"

"चार्जिंग पॅडवर."

"का? चार्ज होतं?"

बाईंनी मला चुंबकत्व उतरवणाऱ्या एका डबीवर ठेवलं, बटण दाबलं आणि हळूहळू लांब नेलं. दहा सेकंदांत वेढे सुटले. इतका सुखाचा श्वास मी कारखान्यातून निघाल्यापासून घेतला नव्हता.

"एवढंच?"

"का, ऑपरेशन हवं होतं?"

मग त्यांनी माझं मागचं झाकण उघडलं आणि भिंग शुभंकरच्या हाती दिलं. जो मुलगा लिफ्टमध्येसुद्धा फोन काढतो, तो पाच मिनिटं बघत राहिला. "हे सगळं माणसांनी केलं?" त्याने विचारलं.

"हो. तेव्हा माणसं होती."

झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या तीन बारीक सह्या आणि तारखा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण तिथे आपली खूण ठेवतो. पहिली बाईंच्या वडिलांची, पुढच्या दोन बाईंच्या. त्यांनी आजची तारीख कोरली.

"अजून बरीच जागा आहे," शुभंकर म्हणाला.

"आहे ना. पण पुढच्या महिन्यात मी दुकान बंद करतेय. डोळे साथ देत नाहीत."

"मग हे काम कोण करणार? शिकायला कोणी आलं नाही?"

"विचारायलाही नाही." बाईंनी झाकण दाबून बसवलं आणि दुसरं घड्याळ उचललं.

एरवी मला टोमणे सुचतात. तेव्हा एकही सुचला नाही. फार वाईट वाटलं.

सध्या मी अगदी बरोबर चालतोय. शुभंकर रोज सकाळी आजोबांसमोर बसून मला चावी देतो आणि ते वळसे मोजतात. पण मी पुन्हा बिघडणारच, आणि मॉलवाला टपूनच आहे. तुमच्यापैकी कोणाच्या बोटांत धीर असेल तर महिना संपायच्या आत मंडईमागे जा. बाई मान वर न करता विचारतील, काय काम आहे? शिकायचंय, एवढंच सांगा. मान वर होते की नाही बघा.